धाकटीचा नमस्कार

भाऊबीजेचं औक्षण झालं. सायली निरांजनाचं तबक खाली ठेवून हसली. "चल दादा, आता वाक. यंदापासून मी मोठी."

जन्मतारखेवरून वय मोजणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. आता वय ठरायचं ते रक्तवाहिन्यांवरून, आणि घरात मानही त्याच वयाला. चिन्मयच्या ओळखपत्रावर छप्पन्न होतं. त्याच्या पाठच्या सायलीचं नवं ओळखपत्र गेल्या आठवड्यात आलं, त्यावर एकाहत्तर.

दोघं एकाच ताटात जेवून वाढलेली. आईच्या हातची तीच पालेभाजी, त्यातलं तेच जीवनसत्त्व. ते चिन्मयच्या अंगी लागलं. सायलीच्या एका जनुकात जरासा फरक होता, म्हणून तिला ते पुरेसं लाभलंच नाही आणि तिच्या रक्तवाहिन्या आतून कडक होत गेल्या. तपासणीत कळलं तोवर फार उशीर झाला होता.

"वाक ना रे, सगळे बघतायत."

वाकलो तर ही आपल्याआधी जाणार हे कबूल केल्यासारखं होईल, असं चिन्मयला वाटलं. तो ताठ उभा राहिला. "नमस्कार चुकवायची तुझी जुनी खोड आहे. ते काही चालणार नाही."

सायलीचं हसू विरलं. पाटाशेजारच्या खुर्चीचा आधार घेत ती सावकाश वाकली.

दर भाऊबीजेला तो म्हणायचा, "खूप मोठी हो." आज ते शब्द त्याच्या तोंडून निघेनात. तिच्या डोक्यावर हात ठेवून तो कसाबसा म्हणाला, "बास झालं आता. अशीच लहान राहा."