पेडलखालचा ठेका

"इतके पेडल कशाला लागतात तुला? नुसती गिटार ऐकू दे ना," मेघना म्हणाली.

नीलेशच्या जूचंद्रमधल्या फ्लॅटमध्ये दोघांची दुपारची गिटारची प्रॅक्टिस चालली होती. नीलेशनं नाइलाजानं गिटारचा आवाज घुमवणारा एकेक पेडल पायानं बंद केला. घुमारा विरला आणि स्वच्छ, कोरडे सूर उरले.

त्या सुरांमागे कुणीतरी बोटानं ठेका धरत होतं. गिटारच्या पोकळ लाकडाच्या आतून.

नीलेशनं हात उचलला. सूर थांबले, ठेका चालूच राहिला.

"मीपण माझ्या मित्राला, जितूला, असेच पेडल बंद करायला लावले होते," तो हळू म्हणाला. "त्याच्या घरी, त्याच्या गिटारमधून हा ठेका ऐकला, आणि मग तो माझ्या गिटारमध्ये सुरू झाला. तो ऐकू येऊ नये म्हणूनच हे पेडल."

मेघना उठली. तिनं आपल्या गिटारची बॅग पाठीला लावली.

बॅगेच्या आतून तिच्या पाठीवर, त्याच लयीत, टकटक झाली.