याला बांध कुठाय?

वॉकरचे पाय कोरड्या वाळूत रुतले आणि देवकी जागीच थांबली. "बघ, म्हनलं नवतं? मला घरी ने."

"थोडंच राहिलं, आई. पुढची वाळू घट्ट आहे." स्नेहलनं एका हातानं सासूचा दंड धरला, दुसऱ्या हातात लहानग्या लेकीचं, वर्षाचं मनगट. तिचा नवरा जयराम गाडी लावायला गेला होता.

ओट्यावरून पडून मोडलेलं देवकीचं हाड केव्हाच जुळलं होतं. आता फक्त भीती राहिलीय, डॉक्टर म्हणाले होते. तरी शेणवे गावातल्या घरात ती न्हाणीपर्यंतसुद्धा एकटी जात नव्हती. स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी स्नेहल आधी सासूच्या खाटेकडे धावायची.

वॉकर तिथंच ठेवून, एकमेकींना धरून तिघी पाण्याच्या कडेला आल्या. देवकीनं समोर पाहिलं. पाहतच राहिली.

"याला बांध कुठाय गो?"

"समुद्राला बांध नसतो, आई."

"एवढं पानी! नि मुंबईवाल्यांना आमच्या तानसा धरनाचंच लागतं?"

स्नेहलला हसू फुटलं. सासू अशी बोलायची, हे ती विसरलीच होती. तेवढ्यात लाट आली. वर्षा धपकन पाण्यात बसली. स्नेहलनं तिला उचलून छातीशी घट्ट धरलं. दोन्ही हातांनी.

मागे वळायची तिची हिंमत होईना.

देवकी उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. लाट परतली तशी पायाखालची वाळू सरकली, आणि तिच्या पायाची बोटं आपसूक आत रुतली. तिनं वाकून पाण्यात हात घातला.

"खाचरातल्या चिखलावानी हाय," ती म्हणाली. "हितं पडलं तरी काय व्हतंय?"

तिनं लुगडं वर खोचलं आणि एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. भाताच्या लावणीत बायका टाकतात तसं, कमरेत वाकून, मागे न बघता. लाट आली की थांबायची, गेली की पुन्हा मागे. किनाऱ्याच्या कडेकडेनं.

"आई, धरायला येऊ का?"

"बांधावरून काय इचारतीस? पोरीला खाली ठेव नि लाग माझ्या ओळीला."

स्नेहलनं चपला काढल्या. वर्षाला पाण्यात उभं केलं, तिचं बोट धरलं आणि सासूच्या शेजारी वाकली. तिघी मागे मागे जात राहिल्या. समोर वाळूत उभा असलेला वॉकर लहान लहान होत गेला.