सोपा प्रश्न

ब्याण्णव सालचा मे महिना. वांगणीच्या डोंगरावरच्या ठाकूरवाडीत आरोग्य शिबिर होतं आणि बदलापूरहून आलेल्या डॉक्टर पद्मजाताईंचा आवाज दुपारपर्यंत पार बसला होता. शेवटी हिरी आपल्या सासूला, बुधीआजीला, हाताला धरून घेऊन आली. म्हातारी हल्ली चूल पेटवायची आणि भलतीकडेच निघून जायची.

"आजी, आज तारीख काय?"

आजी पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

"पंतप्रधान कोण आहेत?"

आजी नुसतीच हसली. असले छापील प्रश्न या वाडीत विचारायचे, याचाच पद्मजाताईंना वीट आला. त्यांनी कागद बाजूला सारला.

"बरं, नवऱ्याचं नाव काय?"

"नवसू," आजी लगेच म्हणाली.

पद्मजाताईंना हायसं वाटलं. "बघ हिरी, नवऱ्याचं नाव कसं पटकन सांगितलं! तारीख काय, कॅलेंडर बघितल्याशिवाय मलाही सांगता येत नाही. काही काळजी करू नकोस."

हिरीने तोंडाला पदर लावला होता.

"बाई, रेशनकार्ड करतानाबी बाबांचा नाव शेजारणीनं सांगितला. आयेनं जल्मात कधी नवऱ्याचा नाव तोंडात घेतला नव्हता."