गावात एसटी येत नाही

गुरांचे डॉक्टर हनीफ या गावाला स्वतःच्या जीपने येत. गावात एसटी येत असेल तर जीपचा प्रवासभत्ता मिळणार नाही, असं ऑफिसने कळवलं होतं. ही गोष्ट गावालाही समजली होती. आज चौकशीला जळगावहून साहेब आले. चिंधानाना नुकत्याच व्यालेल्या गाईजवळ बसले होते.

"नाना, गावात एसटी येते का?"

"नही, साहेब."

जमलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या.

"अहो, मी आत्ता तिच्यातूनच उतरलो. ती बघा, उभी आहे."

नानांनी एसटीकडे पाहिलं. मग गाईच्या पाठीवर हात ठेवला.

"साहेब, ती तिना टाइमले येस. डॉक्टर गायना टाइमले येतस."