निळे मासे

थीम पार्कातल्या हॉटेलने समुद्री चाच्यांच्या जहाजाची जुनी सजावट काढून सगळ्या खोल्यांना अंतराळाचं रूप दिलं, आणि चिडलेल्या चाहत्यांना उत्तरं देता देता तिच्या नाकी नऊ आले. हॉटेलच्या वतीने ऑनलाइन उत्तरं देणं, कामच होतं तिचं ते. सातव्या महिन्याचं पोट सावरत ती सुट्टीच्या दिवशीही फोन घेऊन सोफ्यावर बसली होती.

"हे ऐक," तिने नवऱ्याला हाक मारून वाचून दाखवलं. "'आमचं लहानपण पुसून टाकलंत. आता आम्ही नकोसे झालो का?' भिंती काय रंगवल्या, केवढं हे रडगाणं."

नवरा आतून शिडीवरूनच हसला. लेकीच्या खोलीतल्या भिंतीवरच्या निळ्या माशांवर तो पिवळा रंग फिरवत होता. पाळणा तिथेच लागणार होता.

"आई, त्या हॉटेलात आधी राहायचे ते लोक कुठे गेले?" पाच वर्षांच्या लेकीने खोलीच्या दारातून विचारलं.

"गेले आपापल्या घरी. नव्यांसाठी खोली सजवायची म्हटल्यावर आधीच्यांना निघावंच लागतं गं, राणी," नजर वर न करताच ती म्हणाली आणि पुढचं उत्तर लिहायला लागली : 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो.'

बऱ्याच वेळाने घर फारच शांत वाटलं, म्हणून तिने मान वर केली. लेक बूट घालून बाहेरच्या दाराशी उभी होती. पाठीवर दप्तर, हातात उशी.



"मी तयार आहे, आई. माझं घर कुठंय?"