दहावी घडी

या मायबापहो, जवळ सरका, एका मोजणाऱ्या बाईची गोष्ट ऐका. ऑपरेशन थिएटरमध्ये तीस वर्षं पोट शिवण्याआधी सिस्टरच रक्त टिपायला पोटात ठेवलेल्या गॉजच्या घड्या परत मोजून घ्यायची; ती "पूर्ण" म्हटल्याशिवाय टाका पडत नसे. हल्ली आकडे निसटायचे. पण लेकीचं शिक्षण संपेपर्यंत दोन वर्षं रेटायची, असं मनाशी ठरलेलं. आज पोटात दहा ठेवल्या होत्या; बाहेर काढलेल्याही तिने दहाच मोजल्या. नवी नर्स पुटपुटली, "ताई, मला नऊच दिसताहेत." सर्जन हसले, "अगं, ताईंचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! शिवू ना, ताई?" सिस्टर पुढे झाली. "थांबा, डॉक्टर. माझ्यावर विसंबू नका." दहावी घडी पेशंटच्या पोटातच सापडली. बाहेर येताच तिने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मागितला. "एका चुकीपायी?" सर्जन कळवळले. "पुढची कुणाच्या लक्षात आली नाही तर?" मायबापहो, आपल्या टाक्यांचा व्रण चाचपताना देवाबरोबर त्या माउलीलाही स्मरा.