चालायची मिनिटं

गुडघ्याच्या दुखण्यात प्रमिलाचं अख्खं वर्ष गेलं. मॅरेथॉनचा सराव पुन्हा सुरू करायला डॉक्टरांनी परवानगी दिली ती एकाच अटीवर: पाच मिनिटं पळायचं, दोन मिनिटं चालायचं. "चालणं चुकवलंत, तर पळणं कायमचं विसरा," ते म्हणाले होते.

पारोळा रस्त्यावर सकाळची धुळ्याची एसटी नेमकी तिच्या चालण्याच्या वेळी यायची. खिडक्यांतून ओळखीचे चेहरे वाकून बघायचे. म्हणून मागून हॉर्न ऐकू आला, की ती घड्याळाकडे न बघता पळत सुटायची आणि बस दिसेनाशी झाली, की गुडघा धरून खाली बसायची. काल तर तिला घरचा जिनाही चढवला नाही.

आज हॉर्न वाजला तेव्हा तिची चालायची मिनिटं नुकतीच सुरू झाली होती. बस तिच्या बाजूला येऊन हळू झाली. दारातून कंडक्टर भाईदासभाऊ ओरडले, "काय वं ताई, आज पयत नही का? बस मग गाडीमा!"

सगळी बस हसली.

"पळायलाच निघालेय, भाऊ," प्रमिला म्हणाली आणि चालत राहिली.